ठसा राहिला तर

१

मालतीबाईंना हराळीचा जेवढा राग, तेवढा जगात दुसऱ्या कशाचाच नव्हता. रोह्याच्या शाळेत शिकवत होत्या तेव्हा बाकाखाली च्युइंगम चिकटवणाऱ्या पोरांचा होता, पण तो त्यांनी निवृत्तीच्या दिवशी शाळेतच ठेवला. मग नवऱ्याच्या वाट्याला आलेल्या जमिनीच्या तुकड्यावर, पेणला रामवाडीच्या मागच्या अंगाला, दोघांनी लहानसं घर बांधलं, भोवती बाग केली, आणि हराळी बाईंच्या राशीला लागली. पाऊस सरला की फरशांच्या फटींतून, अबोलीच्या वाफ्यातून, कुंपणाच्या कडेनं ती अशी काही वर यायची की सकाळी दार उघडताच बाई म्हणत, "आली बघा मेली!"

"येऊ दे की," मोरोपंत ओटीवरच्या वेताच्या खुर्चीतून म्हणत. "तिला कुठं आपल्यासारखी पेन्शन आहे?"

मोरोपंत म्हणजे बाईंचे यजमान. माणूस भारी गमत्या. मागच्या वर्षी मात्र त्यांच्या हृदयानं चांगलाच हिसका दाखवला. पनवेलला नेऊन स्टेंट घालावा लागला, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि चहातली साखर कायमची बंद झाली. तेव्हापासून बाईंचं सगळं ध्यान एकाच गोष्टीवर होतं: हा माणूस आपल्या डोळ्यांसमोर टिकला पाहिजे. रोज चहाच्या वेळी तोच तमाशा चाले.

"अर्धा चमचा, मालू."

"नाही म्हणजे नाही."

"पाव?"

"नको असेल तर कप परत द्या."

मोरोपंत कप परत देत नसत.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, म्हणून ते सकाळी बागेत अनवाणी चालत. पायाला दव लागलं की बरं वाटतं म्हणत. त्यामुळे तणनाशकाचं नाव बाईंनी घरात काढू दिलं नाही. शेजारच्या प्लॉटवर कुणीतरी ते मारलं होतं, तर कितीतरी दिवस तिथं साधा नाकतोडाही फिरकला नव्हता. तसल्या विषावरून हे अनवाणी चालणार? काही गरज नाही. मग उरलं खुरपं, आणि खुरप्यापायी बाईंचे गुडघे बोलायला लागले होते.

२

तोडगा काढला मुलानं. पुण्याहून विराजनं एक गॅसचा बर्नर पाठवला. लांब नळी, तिच्या टोकाला आगीचं तोंड, आणि मागं रबरी पाइपानं जोडलेला लहानसा सिलिंडर. खटका दाबला की भस्स करून निळी ज्योत बाहेर.

"आई, जाळत बसायचं नाही हं," त्यानं फोनवर बजावलं. "नुसती झळ द्यायची आणि पुढं सरकायचं. तण हिरवंगारच दिसेल, फसू नकोस. एक पान अंगठा आणि बोटात धरून दाबायचं. काळपट ओलसर ठसा उमटला आणि तसाच राहिला, तर ते आतून संपलं समज. दुसऱ्या दिवशी आपोआप मान टाकतं."

"आणि ठसा नाही राहिला तर?"

"तर जिवंत आहे. पुन्हा झळ दे."

दव सुकल्यावर बाई पदर खोचून बागेत उतरल्या. धुण्याभांड्याला येणारी जनी मागच्या मोरीपाशी उभी राहून ओरडली, "गो बाय, घर पेटवशील, घर!" पण घर पेटलं नाही. ज्योत फरशीवरून सरकत गेली, हराळी जराशी चमकली, बस्स. बाईंनी वाकून पातं दाबलं. अंगठ्याची रेघ न् रेघ उमटलेला काळपट ठसा पात्यावर तसाच राहिला. इतकं समाधान त्यांना दहावीच्या निकालातही कधी मिळालं नव्हतं.

"अगं, हे तर राब भाजणं झालं," मोरोपंत खुर्चीतून म्हणाले. "इथंच भाताची रोपं करायचे आमच्याकडं. पेरायच्या आधी पालापाचोळा पसरून जमीन भाजायची, म्हणजे तण मरायचं. आमचा गडी काळुराम भाजायचा. सगळी जागा काळी करायचा, पण तो तिकडचा कोपरा तेवढा सोडायचा."

"तो का बरं?"

"मीही विचारलं होतं, लहान होतो तेव्हा. तर म्हणाला, 'मंग त्यांनी बसायचं कुठं?'"

"कुणी?"

"ते काही त्यानं सांगितलं नाही. तू आपला सोड हातभर. आपलं काय जातंय?"

"जातंय कसं नाही! तेवढ्यातूनच परत सगळीकडं पसरते ती," बाई म्हणाल्या. आयुष्यभर वह्यांचे समास आखून घेतलेली बाई. तिला अर्धवट काम कसं सोसणार? सिलिंडर ओढत त्या थेट कोपऱ्यात गेल्या. कुंपणाच्या दोन भिंती जिथं मिळतात तिथलं गवत उंच नव्हतं, चेपलेलं होतं, गोल. कुत्रं बसत असेल असं त्यांना वाटलं. त्यांनी खटका दाबला. ज्योत निघाली, पण भस्स आवाज एकदम बसका झाला, जणू कुणी वर झाकण ठेवलं. वासही गवताचा येईना. इस्त्री कपड्यावर विसरली की येतो तसला आला.

बाईंनी पातं दाबून पाहिलं. ठसा राहिला. झालं काम, म्हणून त्या पाय धुवायला गेल्या.

३

दुसऱ्या दिवशी सगळ्या तणानं मान टाकलेली होती. बाई खूश. चहा घेऊन त्या अबोलीजवळ आल्या आणि थबकल्या.

अबोलीच्या एका पानावर काळपट ठसा होता.

अबोलीला त्यांनी झळ दिलीच नव्हती. वाफ्याच्या आत ज्योत जाऊच दिली नव्हती. मग वाटलं, चुकून गेली असेल, आणि दाबून बघायच्या नादात आपणच दाबलं असेल. वयाप्रमाणे होतं असं. त्यांनी चष्मा पुसून पान जवळ घेतलं. ठशात एकही रेघ नव्हती. अगदी गुळगुळीत. पान उलटवलं तर मागच्या बाजूलाही तसाच ठसा, तेवढाच रुंद, तेवढाच आखूड. आपण पान धरतो तेव्हा वर अंगठा येतो आणि खाली बोट. इथं वरही अंगठा होता आणि खालीही अंगठाच.

"करपा पडला असेल," बाई स्वतःशीच मोठ्यानं म्हणाल्या. करपा पडतोच अबोलीवर. पण करपा काय असा एकाआड एक पानावर, ओळीनं पडत जातो?

संध्याकाळपर्यंत अबोली टवटवीत होती. सकाळी मात्र अख्खा वाफा माना टाकून पडला.

मग ठसे जास्वंदीवर दिसले. जास्वंद गेली. त्यानंतर कढीपत्ता. बाईंनी बर्नर मागच्या कोठीत ठेवून कुलूप घातलं होतं आणि किल्ली कमरेला खोचली होती, तरीही. त्यांनी मनातल्या मनात बागेचा नकाशा मांडला. आधी अबोली, कोपऱ्याला लागून. मग जास्वंद. मग कढीपत्ता, ओटीच्या पायऱ्यांशी. ठसे घराकडं सरकत होते. म्हणाल्या, मालती, तू शिकलेली बाई आहेस, झाडावर रोग पडला की तो पसरतोच. असं म्हणाल्या खऱ्या, पण त्या दिवसापासून मोरोपंतांचं अनवाणी चालणं त्यांनी बंद केलं. कारण विचारलं तर काचा पडल्यात म्हणून थाप मारली.

४

जनी दोन दिवस तोंड पाडून भांडी घासत होती. घासत कसली, आपटत होती. शेवटी बाईंनी विचारलं, "काय गं, काय बिनसलंय?"

"माज्या हातात काय खोट दिसली का गो बाय तुला?" जनी फणकारली. "दुसरी बाई ठेवायची तर ठेव, मी काय नाय म्हनत नाय. पन सांगायचंस तरी!"

"कुठली दुसरी बाई?"

"आता कशाला लपवतेस? दुपारची खुरपायला बसते ती. पाठमोरी बसलेली हाय, रोज बघते मी. काल जास्वंदीखाली व्हती, आज पायरीशी. हाक मारली तर वळून पन बघत नाय. मोठी शानी!"

बाईंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "नेसलीय काय?" कसंबसं विचारलं त्यांनी.

जनी घासणं थांबवून विचारात पडली. तिच्या कपाळाला आठ्या आल्या. "नेसलीय... काय की. नाय ध्यानात येत बघ. पाठच दिसते नुसती." मग तिला स्वतःचंच काहीतरी वाटलं असावं. तिनं उरलेली भांडी भराभर विसळली आणि रोजच्या गप्पा न मारता निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिची सून निरोप घेऊन आली, सासूबाईंना ताप आहे म्हणून.

बाईंनी विराजला फोन लावला. सांगायचं काय? तण सोडून भलत्याच झाडांवर ठसे येतात म्हणून?

"अगं, उष्णता जमिनीतून लागली असेल मुळांना," तो म्हणाला. "बर्नर बंद ठेव काही दिवस."

"बंदच आहे. तू ये ना इकडं."

बाईंच्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्याचाही सूर बदलला. "शनिवारी येतो, आई. बाबा ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत," बाई म्हणाल्या आणि ओटीकडं बघितलं. मोरोपंत पेपर वाचत होते. हायवेवरच्या गाड्यांची घूं घूं येत होती, एरवी सगळं शांत होतं.

त्या दुपारी बाई कोपऱ्यात गेल्या. जाऊन उभ्या राहिल्या. तिथलं गवत जळकं, पिवळं पडलं होतं आणि मधला तो गोल आता नुसती माती होती. "चुकलं हो माझं," त्या म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना परका वाटला. "ही जागा सोडली तुमची. परत नाही हात लावणार. इथंच बसा." लाजच वाटली त्यांना, कुंपणापलीकडून कुणी ऐकलं तर काय म्हणेल! पण जागेवर काही हललं नाही. नुसती उघडी, भाजलेली जमीन होती. तिथं बसण्यासारखं त्यांनी काहीच ठेवलं नव्हतं.

५

शुक्रवारी सकाळी बैठकीच्या खोलीतल्या मनीप्लँटवर ठसे दिसले.

बाई किंचाळल्या नाहीत. मोरोपंतांच्या छातीला धसका नको म्हणून तोंडावर पदर दाबला, कुंडी उचलली आणि थेट रस्त्यापलीकडं नेऊन ठेवली. घरात येऊन सगळ्या खिडक्या लावल्या. देवापाशी दिवा लावला. मग मोरोपंतांना ओटीवर जाऊ न देता आतल्या खुर्चीत बसवलं आणि शेजारी स्वतःची खुर्ची ओढून बसल्या.

"काय गं, आज माझ्यावर पहारा?" मोरोपंत हसले. "साखरेचा डबा कुठंय तेसुद्धा मला ठाऊक नाही."

"बसू द्या जरा तुमच्याजवळ. तेवढंही नको का?"

"बस की बाई. बस." त्यांनी बाईंच्या हातावर थोपटलं. मग सहज म्हणाले, "ती खुरपणारी आज आत आली वाटतं. ऊन लागत असेल तिला."

"कुठाय?" बाईंनी दाराकडं बघत विचारलं.

"आत्ता होती. दाराशी बसली होती पाठमोरी. गेली असेल स्वयंपाकघरात पाणी प्यायला." ते पुन्हा पेपरात शिरले.

बाई स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. उठल्याच नाहीत. नवऱ्याच्या शर्टाची बाही मुठीत धरून त्या बसून राहिल्या, दाराकडं बघत. जेवणंही तिथंच झाली, ताटं मांडीवर घेऊन. आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. दुपार झाली, पंख्याचा एकसुरी आवाज, हायवेची घूं घूं, मोरोपंतांचं हळू घोरणं. मी जागीच आहे, असं बाई मनाशी म्हणत होत्या. तेवढ्यात डुलकी लागली.

जाग आली ती आवाजानं. भस्स. अगदी बसका, झाकणाखालून आल्यासारखा. कोठीला कुलूप होतं, किल्ली कमरेला टोचत होती. मग तोंडावरून झळ गेली, भाकरी उलटताना चुलीची लागते तशी, आणि पुढं सरकली. इस्त्रीखाली कपडा जळाल्याचा वास आला.

बाईंनी डोळे उघडले, पण पुरते नाही. पुरते उघडायचं धाडसच झालं नाही. पापण्यांच्या फटीतून त्यांना मोरोपंतांच्या खुर्चीशी उकिडवं बसलेलं कुणीतरी दिसलं. पाठ बाईंकडं होती. मोरोपंतांचा हात खुर्चीवरून खाली लोंबत होता आणि त्या हाताशी दुसरा एक हात होता. त्याची सगळी बोटं सारखी होती. आखूड, जाड. पाचही अंगठेच.

"अहो!" बाई ओरडल्या.

"काय? काय झालं?" मोरोपंत दचकून उठले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पंखा फिरत होता. "केवढ्यानं ओरडतेस! स्वप्न पडलं का?" मग त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. "गरम काय होतंय गं आज."

त्यांच्या मनगटाच्या वर, गोऱ्या कातडीवर, काळपट ओलसर ठसा होता.

६

बाईंनी एक क्षण दवडला नाही. रिक्षा बोलावली, मोरोपंतांना चपलासुद्धा नीट घालू न देता त्यात बसवलं आणि सरळ गावातल्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर ओळखीचे, बाईंना मान देणारे. त्यांनी ईसीजी काढला, बीपी घेतलं, छाती तपासली.

"बाई, अहो उगाच घाबरलात. सगळं उत्तम आहे. माझ्यापेक्षा बरा ईसीजी आहे यांचा."

"आणि हे?" बाईंनी तो हात पुढं केला.

"हे होय? रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत ना? जरा कुठं दाबलं गेलं की काळं-निळं पडतं. खुर्चीचा हात लागला असेल."

किती सोपं होतं! गोळ्या. बाईंना एकदम रडूच आलं, तिथंच, सगळ्या पेशंटांसमोर. गोळ्यांचंच होतं की! झाडांवर करपा, नवऱ्याच्या हातावर गोळ्या, जनीला ताप आणि आपल्याला जागरण. घाबरट कुठली! परतीच्या वाटेवर मोरोपंतांनी त्यांची भरपूर टिंगल केली आणि बाईंनी ती आनंदानं करून घेतली. रिक्षावाल्यालाही हसू आवरेना.

घरी आल्यावर मोरोपंत ओटीवर आपल्या खुर्चीत बसले. ऊन उतरलं होतं. "चल, आता फक्कड चहा टाक," ते म्हणाले. "आलं किसून घाल. उद्या विराज येतोय, आणायला काय काय हवं ते सांग मला, मी यादी मनात ठेवतो."

"टाकते," बाई म्हणाल्या, पण हलल्या नाहीत. त्यांना एकच गोष्ट करून बघायची होती. मग निश्चिंत होणार होत्या त्या. आधी त्यांनी स्वतःच्या हातावर अंगठा दाबला. कातडी पांढरी पडली आणि लगेच पूर्ववत झाली. मग त्यांनी नवऱ्याचा दुसरा हात हातात घेतला, ठसा नसलेला, आणि मनगटाच्या वर हलकेच चिमटीत धरून दाबला. चिमटी सोडली.

ठसा उमटला. काळपट, ओलसर. त्यांच्याच अंगठ्याचा, रेघ न् रेघ दिसत होती.

बाई बघत राहिल्या. आत पंखा फिरत होता. हायवेवरून एक ट्रक भोंगा वाजवत गेला आणि त्याचा आवाज वडखळच्या बाजूला विरून गेला. ठसा तसाच राहिला.

"आता काय हात बघून भविष्य सांगतेस?" मोरोपंत हसले. चेहरा छान टवटवीत होता त्यांचा. कित्येक दिवसांत इतका टवटवीत दिसला नव्हता. "अगं, चहा!"

बाई स्वयंपाकघरात गेल्या. आत कुणी बसलंय की नाही ते त्यांनी पाहिलं नाही, आता त्यानं काही फरक पडत नव्हता. आधण ठेवलं, आलं किसलं, चहापत्ती टाकली. चहा उतू जाऊ दिला नाही. वरच्या फळीवर, डाळींच्या मागं लपवलेला डबा त्यांनी काढला. एक चमचा घातला. थोडं थांबल्या आणि दुसराही घातला.

ओटीवरच्या त्या वेताच्या खुर्चीशी, मोरोपंतांच्या पायांपाशी, बाई जमिनीवरच बसल्या. गुडघे दुखत होते, पण बसल्या. मोरोपंतांनी पहिला घोट घेतला आणि त्यांचे डोळे लहान मुलासारखे मोठे झाले.

"मालू! साखर?"

"प्या," बाई म्हणाल्या. "सगळा प्या."

"वा! आज सूर्य कुठं उगवला म्हणायचा!" ते कप दोन्ही हातांत धरून हसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "उद्या विराज आला की त्याला सांगू नकोस हं."

"नाही सांगत," बाई म्हणाल्या.